परतलेला मेजर : एका उत्तरकथेतील हुद्दा, नाव व सर्वनाम

१. विषयाची मर्यादा

रहस्यकथा व साहसकथा यांचा विचार आपल्याकडे बहुधा वाङ्मयीन मूल्याच्या अंगाने होतो आणि तो चार वाक्यांत आटोपतो. भाषेच्या अभ्यासकास तेवढ्यावर थांबता येत नाही. जे वाङ्मय वाचनालयांतून सर्वांत अधिक हाताळले गेले, त्यातील भाषिक संकेत वाचकांच्या अंगवळणी पडलेले असतात. ते काय आहेत आणि ते तसे का आहेत, हा आपला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका विशिष्ट प्रकाराचा विचार करावयाचा आहे. लष्करातील तपासाचे काम सोडून गावोगाव भटकणारा नायक आणि त्याच्या कथेचा पुढील भाग, हा तो प्रकार होय.

या प्रकाराचे आजचे सर्वांत परिचित उदाहरण इंग्रजीतले आहे. जेम्स ग्रँट (जन्म १९५४) हे ब्रिटिश लेखक ‘ली चाइल्ड’ या नावाने लिहितात. १९९७ साली ‘किलिंग फ्लोर’ या कादंबरीत त्यांनी जॅक रीचर हा नायक प्रथम वाचकांपुढे आणला. रीचर हा अमेरिकी लष्करी पोलीस दलातील माजी मेजर. सेवा सोडल्यावर त्याला घर नाही, नोकरी नाही, सामान नाही. खिशात घडीचा दात घासण्याचा ब्रश, एवढाच त्याचा संसार. २०१३ साली या मालेतील अठरावी कादंबरी ‘नेव्हर गो बॅक’ प्रसिद्ध झाली आणि तिच्यावरून एडवर्ड झ्विक यांनी २०१६ साली चित्रपट केला. २०१२ सालच्या ‘जॅक रीचर’ या चित्रपटाचा हा पुढील भाग. दोहोंत नायकाची भूमिका टॉम क्रूझ यांची आहे.

मराठीत हुबेहूब असा नायक नाही. परंतु त्याच्या जवळचे नायक आहेत, त्याला नावे ठेवणारे व नावे देणारे शब्द आहेत, आणि त्याला मराठीत आणू पाहणाऱ्या भाषांतरकारापुढे उभ्या राहणाऱ्या अडचणी तर पुष्कळच आहेत. या अडचणी म्हणजे मराठीच्या व्याकरणाने व समाजरीतीने विचारलेले प्रश्न होत. इंग्रजी मजकुरात त्यांची उत्तरे सापडत नाहीत, कारण इंग्रजीने ते प्रश्न विचारलेलेच नसतात.

२. फौज आणि तपास

लष्करी माणसाने गुन्ह्याचा तपास करावा, ही गोष्ट आजच्या वाचकास थोडी वेगळी वाटते. शब्दांचा इतिहास पाहिला तर मराठीत या दोन व्यवसायांची सीमा फार जुन्या काळापासून धूसर आहे. ‘फौज’ हा शब्द अरबी असून तो फार्सीमार्गे आपल्याकडे आला. ‘फौजदार’ म्हणजे फौज बाळगणारा; मोगली कारभारात आपल्या मुलखात बंदोबस्त राखणारा लष्करी अधिकारी. तोच शब्द आजच्या मराठीत पोलीस उपनिरीक्षकास लागतो आणि ‘फौजदारी’ म्हणजे ‘दिवाणी’हून भिन्न असा गुन्हेविषयक कायदा. सैन्याचा अर्थ शब्दातून गळून पडला आणि तपासाचा अर्थ उरला. ‘जमादार’ या शब्दाचाही प्रवास असाच आहे. हा सैन्यातला हुद्दा होता. भारतीय सैन्याने १९६५ साली त्याचे ‘नायब सुभेदार’ असे नामांतर केले. परंतु पोलीस ठाण्यात मात्र जमादार टिकला. उलट ‘सुभेदार’ हा मुळात सुभ्याचा, म्हणजे प्रांताचा अधिकारी. तो ब्रिटिश अमदानीत सैन्यातील एक हुद्दा झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ यांच्या नावामागे ‘सुभेदार’ हे बिरुद लागले ते या दुसऱ्या अर्थाने.

मराठवाड्यात हा शब्दसंग्रह आणखी एका पदराने युक्त आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. मुंबई इलाख्यातील मराठी माणूस ज्यास फौजदार म्हणे, त्यास निजामी मुलखात ‘अमीन’ म्हणत. ‘अमीन’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ विश्वासू. एका पदास दोन प्रांतांत दोन नावे, आणि त्यांपैकी एक बळावर बेतलेले तर दुसरे विश्वासावर बेतलेले, हे अर्थविचाराच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगे आहे.

या मुलखात सैनिक व तपासनीस या दोन भूमिका एकाच व्यक्तीत आल्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फिलिप मेडोज टेलर (१८०८–१८७६). १८२४ साली ते अगदी कोवळ्या वयात निजामाच्या सैन्यात दाखल झाले, पुढे मुलकी व पोलिसी कामे त्यांच्याकडे आली, आणि १८३९ साली त्यांनी ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. या कादंबरीत कथा सांगतो तो अमीर अली हा ठग. लष्करी अधिकारी ‘साहेब’ या संबोधनापलीकडे फारसा दिसत नाही, तो ऐकतो. रीचरच्या कथांत हे स्थान उलटले आहे. तपास करणारा स्वतःच कथेच्या मध्यभागी आला आहे आणि त्याच्या पाठीशी सरकार राहिलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी मुलखाला सरकार पाठीशी नसलेला, हत्यारबंद, फिरता माणूस ठाऊक होता. पण त्याचे नाव होते ‘पेंढारी’, आणि त्या नावात भय होते. असा माणूस नायक होण्यासाठी त्याच्या पाठीशी कोणता तरी प्रतिष्ठित भूतकाळ उभा करावा लागतो. ते काम हुद्दा करतो.

३. हुद्दा : ‘माजी’ आणि ‘निवृत्त’

‘माजी’ हा अरबी ‘माझी’, म्हणजे भूतकाळ, या शब्दाचा मराठी अवतार. आपण माजी आमदार, माजी मंत्री, माजी सरपंच असे म्हणतो; ‘माजी सैनिक’ असेही म्हणतो. परंतु ‘माजी मेजर’ हा प्रयोग कानास खटकतो. तेथे ‘निवृत्त मेजर’ असे येते. हा भेद निव्वळ सवयीचा नाही. ‘माजी’ हे विशेषण पद गेल्याचे सांगते. ‘निवृत्त’ हे विशेषण काम संपल्याचे सांगते, पद गेल्याचे नव्हे. आमदारकी जाते, मेजरपण नावाला चिकटून राहते. भारतीय लष्करातील अधिकारी सेवानिवृत्तीनंतरही आपला हुद्दा नावाआधी लावतात, हा व्यवहार या भाषिक भेदामागे आहे.

बोलीत याच्याही पुढची पायरी दिसते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत फौजेतून परतलेल्या कोणत्याही माणसास ‘मेजर’ म्हणून हाक मारतात. तो शिपाई म्हणून निवृत्त झाला की हवालदार म्हणून, याची चौकशी कोणी करीत नाही. ‘काय मेजर, शेताकडे निघाला का?’ या वाक्यातील ‘मेजर’ हा हुद्दा नाही. ते ‘मास्तर’, ‘पाटील’, ‘कारभारी’ यांच्या पंक्तीतले संबोधन आहे. विशिष्ट अर्थाचा शब्द सामान्य अर्थास पोचला, असे आपण म्हणतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. गावाने या माणसास हुद्दा दिला तो त्याला परत आपल्यात घेताना. संबोधन ही येथे परतीची पोचपावती आहे.

रीचरला नेमकी हीच पोचपावती नको आहे. ‘नेव्हर गो बॅक’ या कथेचा गाभाही हाच. लष्करी पोलिसांच्या ११० व्या विशेष तुकडीचा तो पहिला प्रमुख. आता तेथे मेजर सूझन टर्नर आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘६१ अवर्स’ या कादंबरीत त्याने त्यांचा केवळ दूरध्वनीवरील आवाज ऐकला. तेवढ्या आवाजासाठी तो देश ओलांडून व्हर्जिनियात येतो. येतो तो टर्नर अटकेत, त्यांच्या खुर्चीत दुसराच अधिकारी, आणि रीचरवर सोळा वर्षांपूर्वीच्या एका मृत्यूचा आरोप. शिवाय एक किशोरवयीन मुलगी त्याची कन्या असल्याचा दावा. त्यावर लष्कर एक साधी गोष्ट करते : त्याला पुन्हा सेवेत घेते, म्हणजे पुन्हा मेजर करते, आणि त्यामुळे तो पुन्हा हुकुमाच्या कक्षेत येतो. ज्या शब्दाने गावात मान मिळतो, त्याच शब्दाने येथे बेडी पडते.

४. नाव आणि गाव

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना बिडकीन हे मोठे गाव लागते. अशा गावात बसमधून अनोळखी माणूस उतरला, तर त्यास ‘पाव्हणं, कोणत्या गावचे?’ हा प्रश्न ठरलेला. ‘पाहुणे’ या संबोधनात अनोळखीपणाची कबुली आहे आणि तो घालविण्याची तयारीही आहे. कारण पाहुणा हा कोणाचा तरी असतो. दुसरा प्रश्न ‘कोणाकडे आलात?’ हा त्यातूनच येतो. ‘किलिंग फ्लोर’च्या आरंभी रीचर असाच बसमधून उतरून जॉर्जियातील मारग्रेव्ह या गावी चालत येतो. तेथे त्यास कोणी गाव विचारीत नाही. उपाहारगृहात बसलेला असताना पोलीस त्यास धरून नेतात. दोन्ही समाजांत परक्याविषयी शंका आहे. एक ती प्रश्नाने मिटवू पाहतो, दुसरा अटकेने. दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यातील बिडकीनचे हजारो एकरांचे औद्योगिक क्षेत्र २०२४ साली राष्ट्रास अर्पण झाले. ज्यांच्यापाशी ‘कोणाकडे आलात?’ या प्रश्नाचे उत्तर नाही अशी माणसे येथे यापुढे अधिकाधिक येतील, आणि या संबोधनाचे काय होते ते पाहणे हा समाजभाषाविज्ञानाचा एक जिवंत विषय ठरेल.

गावाचा हा प्रश्न मराठी आडनावातच मुरलेला आहे. ‘-कर’ हा प्रत्यय माणसाचे मूळ सांगतो. आता एक मौज पाहावी. मराठी रहस्यकथेचे सर्वांत लोकप्रिय लेखक बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६). त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. लेखक म्हणून त्यांनी धारण केलेले नाव मात्र अर्नाळा या गावाकडे बोट दाखविते. त्यांच्या नंतरच्या पिढीतील सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांचे आडनावही गावावरूनच आलेले. पण या लेखकांनी आपल्या नायकांस काय नावे दिली? झुंजार, काळापहाड, धनंजय, मेजर सुदर्शन, दारा बुलंद. लेखकास गाव आहे, नायकास नाही. गुरुनाथ नाईक (मृत्यू २०२१) यांनी बाराशेंहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचा गाजलेला नायक कॅप्टन दीप. येथेही हुद्दा आणि एकेरी नाव, एवढेच.

हा नियम सर्वत्र लागू पडतो असे नाही. शिरवळकरांच्याच मंदार पटवर्धन व अमर विश्वास या नायकांस आडनावे आहेत. अमर विश्वास हा बॅरिस्टर. त्याला न्यायालय आहे, अशील आहेत, पत्ता आहे. ज्या नायकास समाजात ठराविक जागा आहे, त्यास आडनाव परवडते. ज्याची ताकद ठावठिकाणा नसण्यात आहे, त्याचे नाव एकपदी होते, असा एक अंदाज यावरून बांधता येईल. रीचरच्या बाबतीत इंग्रजीने हेच उलट्या वाटेने साधले आहे. तेथे पहिले नाव गळाले आणि आडनाव उरले. आईसुद्धा त्यास ‘रीचर’ म्हणूनच हाक मारते. दोन्हीकडे उरते ते एकच पद, आणि त्यास मागेपुढे काही जोडता येत नाही.

५. ‘म्हणाला’ की ‘म्हणाले’

आता भाषांतरकाराच्या खऱ्या अडचणीकडे वळू. इंग्रजी निवेदनात नायक बोलला एवढेच क्रियापद सांगते. मराठीत ‘रीचर म्हणाला’ किंवा ‘रीचर म्हणाले’ यांपैकी एक निवडल्याविना वाक्य पुरे होत नाही. कर्तरी प्रयोगात ही निवड क्रियापदावर दिसते. भावे किंवा कर्मणी प्रयोगात ती कर्त्याच्या विभक्तीत दडते : ‘त्याने विचारले’, ‘त्यांनी विचारले’. स्त्रीच्या बाबतीत ‘ती म्हणाली’, ‘त्या म्हणाल्या’. आदरार्थी बहुवचन टाळून मराठीत पान भर गद्यही लिहिता येत नाही.

वृत्तपत्राची रीत ठरलेली आहे : ‘मेजर अमुक यांनी सांगितले’. रहस्यकथेची रीत याहून वेगळी व मोठी लक्षणीय आहे. ‘कॅप्टन दीप म्हणाला’ या धर्तीच्या वाक्यात हुद्दा कायम आहे, पण क्रियापद एकवचनी आहे. एरव्ही ज्या नामापुढे बहुवचन यावयाचे, त्याच्यापुढे एकवचन येते, आणि तरी वाचकास त्यात अनादर दिसत नाही. याचे कारण असे की, कथेतील एकवचन हे दर्जाचे नसून जवळिकीचे असते. आपण ‘राम वनात गेला’ असे म्हणतो, ‘गेले’ असे सहसा म्हणत नाही. हुद्द्याने मान द्यावा आणि क्रियापदाने खांद्यावर हात ठेवावा, ही मराठी साहसकथेची खूण आहे. नायक वाचकाहून थोर आणि तरी वाचकाचा, हे दुहेरी नाते तिने एका वाक्यात बांधले.

या संकेताच्या आधाराने ‘नेव्हर गो बॅक’चे मराठी रूप करावयाचे झाले, तर निवेदनात ‘रीचर म्हणाला’ हे ठीक. पण टर्नर? त्या त्याच्याच जुन्या पदावरील विद्यमान अधिकारी आहेत. ‘रीचर म्हणाला’ आणि ‘टर्नर म्हणाल्या’ असे लिहिले, तर दोघांत अंतर पडते व निवेदक नायकाच्या बाजूने उभा राहतो. ‘टर्नर म्हणाली’ असे लिहिले, तर दोघे सहकारी होतात. मात्र अधिकारी स्त्रीचा मान निवेदकाने काढून घेतला असे काही वाचकांस वाटेल, आणि पुरुष अधिकाऱ्याच्या एकवचनाविषयी तसे वाटणार नाही. ही विषमता व्याकरणाची नाही, वाचकाची आहे. व्याकरण ती फक्त उघडी पाडते. वरच्या परिच्छेदांत मी स्वतः टर्नर यांस बहुवचन व रीचरला एकवचन वापरले आहे. ते किती वाचकांच्या ध्यानात आले असेल, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

संवादात हाच प्रश्न ‘तू’ व ‘तुम्ही’ यांच्या रूपाने येतो. रॉजर ब्राउन व आल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली सर्वनामांच्या निवडीमागे सत्ता व सख्य ही दोन तत्त्वे असल्याचे प्रतिपादन केले. या कथेत दोन्ही तत्त्वे एकाच वेळी ओढतात. दूरध्वनीवर बोलताना ते एकमेकांस अपरिचित, म्हणून ‘तुम्ही’. पुढे दोघे मिळून लष्करी कोठडीतून निसटतात व पाठलाग चुकवीत देशभर फिरतात. तेथे ‘तू’ अपरिहार्य. म्हणजे मधल्या कोणत्या तरी पानावर, कोणत्या तरी वाक्यात ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले पाहिजे, आणि आधी कोणी म्हणावयाचे हेही ठरले पाहिजे. इंग्रजी मूळ येथे मूक आहे. मराठी वाचकास मात्र तो क्षण कथानकातील एक घटना म्हणूनच जाणवेल. भाषांतरकार अशा ठिकाणी केवळ शब्द बदलीत नाही. मूळ लेखकाने न लिहिलेला एक प्रसंग तो लिहितो. तो जाणून लिहावा की नकळत, एवढाच पर्याय त्याच्यापुढे असतो.

६. ‘परत जाऊ नये’

शेवटी शीर्षकाचा विचार करू. ‘नेव्हर गो बॅक’ हा नकारार्थी आज्ञार्थ आहे. पण कोणाची आज्ञा, कोणास, हे त्यात नाही. मराठीत ‘परत जाऊ नकोस’ म्हटले की बोलणारा जवळचा होतो. ‘परत जाऊ नका’ म्हटले की तो दूरचा होतो किंवा ऐकणारे अनेक होतात. तिसरा मार्ग ‘परत जाऊ नये’ हा. ‘नये’ हे क्रियापद व्यक्तीस नव्हे, वर्तनास उद्देशून असते. म्हणूनच वडीलधाऱ्यांच्या शिकवणीत ते वारंवार येते : दिवेलागणीस झोपू नये, रित्या हाताने जाऊ नये. आज्ञा देणारा दिसत नाही, अनुभव तेवढा बोलतो. भटक्या नायकाने आपल्याच जुन्या चुकीतून काढलेला धडा, असा शीर्षकाचा अर्थ घेतला, तर ‘नये’ हेच रूप सर्वांत जवळचे ठरते.

‘परत’ऐवजी ‘माघारी’ घेण्याचा मोह होईल. शब्द अस्सल आहे. पण ‘माघारी जाणे’ आणि ‘माघार घेणे’ यांत एका क्रियापदाचेच अंतर आहे. पहिले घरी परतणे, दुसरे रणांगणातून हटणे. सैनिकाच्या कथेत हे दोन्ही अर्थ एकमेकांवर सावली टाकतात. ‘माघारी फिरू नये’ या शीर्षकाखाली वाचकास हट्टाने लढणाऱ्या वीराची गोष्ट अपेक्षित राहील. येथे गोष्ट आहे ती जुन्या दाराशी पुन्हा गेल्याने अडकलेल्या माणसाची.

येथेच उत्तरकथा व मालिका यांतील भेद स्पष्ट होतो. झुंजारची किंवा कॅप्टन दीपची कोणतीही एक कथा सुटी वाचता येते; प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी नायक जसा असतो तसाच शेवटी उरतो. ही मालिका. उत्तरकथेत आधी घडलेले पुढे येऊन जाब विचारते. रीचरच्या बहुतेक कादंबऱ्या मालिकेच्या जातीच्या आहेत. ‘नेव्हर गो बॅक’ ही त्यांतील उत्तरकथा, कारण तिच्यात भूतकाळाने नायकास गाठले आहे. शेवटी मुलगी त्याची नव्हे असे ठरते, आरोप खोटे ठरतात, आणि तो पुन्हा रस्त्यास लागतो. मालिकेने उत्तरकथेवर मात केली, असे म्हणावयास हरकत नाही.

७. अभ्यासाची दिशा

वरील विवेचनातून काही कामे पुढे येतात. मराठी रहस्यकथांतील नायकनामांची पद्धतशीर सूची करून एकपदी नावे, आडनावे व हुद्दे यांचे प्रमाण काढता येईल. निवेदनातील एकवचन व आदरार्थी बहुवचन नायक, वरिष्ठ अधिकारी, खलनायक व स्त्रीपात्रे यांत कसे वाटले गेले आहे, हे मोजता येईल. ‘मेजर’ या संबोधनाचा प्रसार कोणत्या तालुक्यांत आहे व तेथे स्त्री सैनिकासाठी कोणता शब्द घडतो आहे, याची क्षेत्रपाहणी करता येईल. पहिल्या दोन कामांना विलंब परवडणारा नाही. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली, भाड्याने देणाऱ्या वाचनालयांच्या हातांतून झिजलेली. विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी ती जपण्याजोगी मानली नाहीत, आणि ज्या वाचनालयांनी ती बाळगली त्यांतील अनेक आता बंद झाली. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी अशी पुस्तके कोठे उरली असतील तर त्यांची मुखपृष्ठे, छपाईची वर्षे व आरंभीची काही पाने तरी टिपून आणावीत. या नायकांस गाव नव्हते हे खरे. त्यांच्या पुस्तकांस तरी ते मिळावयास हवे.